यंत्र शुद्धलेखन करूं लागतें तेव्हां

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत कवठे येमाई या नांवाचें गांव आहे. नांवांतला पहिला शब्द गांवाचा आणि दुसरा तेथील देवीचा. महाराष्ट्रांत कवठे एकच नाहीं. सांगली जिल्ह्यांत कवठे महांकाळ आहे, त्याच जिल्ह्यांत कवठे एकंदहि आहे. तेव्हां पुढचा शब्द जोडल्यावांचून कोणतें कवठे तें कळत नाहीं. सातारा जिल्ह्यांत औंधच्या डोंगरावर याच देवीला लोक 'यमाई' म्हणतात; शिरूर तालुक्यांत तिची 'येमाई' होते. 'ये माई' अशी हांक या नांवांत आहे असें परंपरा सांगते. कोणी 'कवठे यमाई' असेंहि लिहितात. माणसांना यांत कांहीं अडचण वाटत नाहीं. ऐकणारा दोन्ही रूपें ऐकतो आणि एकाच देवळाकडे बोट दाखवितो. अडचण उत्पन्न होते ती संगणकावर लिहावयास बसलें म्हणजे.

समजा, अशा गांवांतील कचेरींत कोणी देवीच्या यात्रेचें निमंत्रणपत्र 'वर्ड'मध्यें लिहीत आहे. 'येमाई' हीं अक्षरें उमटतांच त्यांच्याखालीं तांबडी नागमोडी रेघ येऊं शकते. असा शब्द माझ्या यादींत नाहीं, एवढेंच ती रेघ सांगते. लिहिणारा हंसतो आणि पुढें जातो. देवीला यंत्रानें ओळखलें नाहीं म्हणून यात्रा थांबत नाहीं. परंतु तोच मजकूर फोनवर लिहून दहा जणांना पाठवूं लागलें म्हणजे गोष्ट निराळी होते. तेथें रेघ न येतां शब्दच बदलूं शकतो. बोट उचलून पुढचा शब्द लिहूं लागावें, तों मागचा शब्द परस्पर दुसरा झालेला असतो, आणि तो तसा झाला हें लिहिणाऱ्याच्या ध्यानांतहि येत नाहीं.

या दोन गोष्टींतला भेद मनांत पक्का केला म्हणजे या विषयांतलें अर्धें काम होतें. एक आहे शब्दांची तपासणी आणि दुसरी आहे शब्दांची आपोआप होणारी दुरुस्ती. जुन्या छापखान्याची माहिती असणाऱ्यांना हा भेद चटकन् समजेल. छापखान्यांत मुद्रितशोधक असे. तो कच्च्या मुद्रितावर खूण करी, समासांत शंका लिही आणि निर्णय लेखकाकडे सोपवी. आतां कल्पना करा कीं, खिळे जुळविणारा एखादा हुशार जुळारी आहे आणि त्याला लेखकाची भाषा पसंत नाहीं. 'हा शब्द कांहीं बरोबर दिसत नाहीं,' असें म्हणून तो कोणास न विचारतां आपल्या पसंतीचे खिळे लावतो. शंभरांपैकीं नव्वद वेळां तो बरोबर असेल. राहिलेल्या दहा वेळां तो जें करतो तें लेखकाच्या नांवावर छापलें जातें. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ति शुद्ध छपाईची होती. तसली कीर्ति मूळ प्रतीशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहण्यानें मिळते. हुशार जुळाऱ्याच्या लहरीनें मिळत नाहीं. तांबडी रेघ हा मुद्रितशोधक आहे. आपोआप दुरुस्ती हा जुळारी आहे.

हा जुळारी विचार तरी कसा करतो? त्याला अर्थ कळत नाहीं. त्याच्यापाशीं शब्दांची एक लांबलचक यादी असते आणि दोन शब्दांमधलें अंतर मोजण्याची एक रीत असते. अमेरिकेंतील फ्रेडरिक डॅमेरो या संशोधकानें १९६४ सालीं असें दाखविलें कीं, लिहितांना होणाऱ्या चुकांपैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर जास्त पडणें, एक गळणें, एकाच्या जागीं दुसरें येणें, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणें. पुढच्याच वर्षीं रशियांतील व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनीं एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत जावयास असे किती फेरफार लागतात तें मोजण्याचें गणित मांडलें. १९७१ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठांत राल्फ गोरिन यांनीं जो तपासनीस तयार केला, तो याच तत्त्वावर जवळचे शब्द सुचवीत असे. आजचीं साधनें याहून पुष्कळ पुढें गेलीं आहेत; आजूबाजूचे शब्द पाहून तीं अंदाज बांधतात. तरी मूळ कल्पना तीच आहे. अनोळखी शब्द दिसला कीं ओळखीचा शेजारी शोधावयाचा.

हें गणित कवठे येमाईला लावून पाहावें. 'कवठे' यांतली मात्रा काढली कीं 'कवठ' होतें. तें आंबट फळ कोशांत असतेंच. अंतर एक. 'येमाई'ची मात्रा काढली कीं 'यमाई'. अंतर पुन्हां एक. आणि 'यमाई'तल्या 'य'च्या जागीं 'क' ठेवला कीं 'कमाई' हा अगदीं नेहमींचा शब्द हातीं येतो. म्हणजे ज्या यंत्राच्या यादींत गांवहि नाहीं आणि देवीहि नाहीं, त्याच्या हिशेबानें तीन फेरफारांत 'कवठे येमाई'ची 'कवठ कमाई' होऊं शकते. प्रत्येक यंत्र असें करीलच असें नाहीं. परंतु तसें करण्यास त्याला गणिताची आडकाठी कांहींच नाहीं.

मोठमोठ्या संस्थांनाहि हा अनुभव आलेला आहे. जोडरेघेवांचून लिहिलेला 'को-ऑपरेशन' म्हणजे सहकार्य या अर्थाचा इंग्रजी शब्द जुन्या कांहीं कोशांत नव्हता, आणि त्याचा जवळचा शेजारी म्हणून यंत्र कॅलिफोर्नियांतील 'कूपर्टिनो' या गांवाचें नांव सुचवीत असे. ती सूचना न वाचतां स्वीकारल्यामुळें युरोपियन युनियनच्या व संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवजांत देशादेशांमधील सहकार्याऐवजीं कूपर्टिनोचा उल्लेख छापला गेला. भाषांतरकारांमध्यें या प्रकाराला 'कूपर्टिनो परिणाम' असें नांवच पडलें. त्याहून गंभीर प्रकार जीवशास्त्रांत झाला. माणसाच्या कांहीं जनुकांचीं संक्षिप्त नांवें इंग्रजी महिन्यांसारखीं होतीं, 'मार्च १' आणि 'सेप्ट १' अशीं. 'एक्सेल'च्या कोष्टकांत तीं घातलीं कीं यंत्र त्यांच्या तारखा करून टाकी. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, जनुकांच्या अशा याद्या सोबत जोडलेल्या शास्त्रीय लेखांपैकीं सुमारें एकपंचमांश लेखांत ही चूक आढळली. शेवटीं २०२० सालीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें त्या जनुकांचींच नांवें बदललीं. यंत्र बदलण्यापेक्षां शास्त्रज्ञांना माणसाच्या जनुकाचें बारसें पुन्हां करणें सोपें वाटलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपोआप दुरुस्तीचा जन्म मात्र अगदीं साध्या सोयींतून झाला. 'वर्ड'मध्यें पूर्वींपासून अशी सोय होती कीं, एखादें संक्षिप्त रूप लिहून एक कळ दाबली म्हणजे त्याजागीं पूर्ण मजकूर येई. डीन हॅचामोविच या अभियंत्याच्या ध्यानांत आलें कीं, इंग्रजींतला सर्वांत नेहमींचा 'द' हा शब्द लिहितांना घाईंत अक्षरांची अदलाबदल होते, आणि ही चूक इतकी ठराविक आहे कीं ती सुधारण्यासाठीं निराळी कळ दाबण्याची गरज नाहीं. शब्दानंतरची मोकळी जागा सोडण्याची कळ तर प्रत्येकजण दाबतोच. १९९३ सालच्या सहाव्या आवृत्तींत ही सोय आली. तेव्हांपासून यादी वाढत गेली. वाक्याचें पहिलें अक्षर मोठें करणें, सरळ अवतरणचिन्हें वळवणें, कंसांतल्या इंग्रजी 'सी'चें स्वामित्वहक्काचें चिन्ह करणें, आंकडा व टिंब लिहिलें कीं पुढच्या ओळीस आपणच क्रमांक घालणें, हे सर्व त्याच घराण्यांतले. इंग्रजींत नियमांचीं कलमें लिहिणाऱ्या वकिलांना कंसांतला 'सी' कितीदां परत आणावा लागतो, तें त्यांनाच विचारावें.

या सगळ्या सोयी इंग्रजीच्या हिशेबानें बनलेल्या होत्या, आणि मराठीला त्यांचा पहिला फटका बसला तो मोठ्या विचित्र रीतीनें. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील छापखाने, कचेऱ्या व शाळा संगणकावर मराठी लिहूं लागल्या, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं जे मराठी टाइप वापरले जात, त्यांत मराठी अक्षर हा केवळ वरचा पोशाख असे. आंत इंग्रजी अक्षरच सांठविलेलें असे. पडद्यावर त्याचें चित्र तेवढें देवनागरी दिसे. लिहिणाऱ्याला मराठी वाक्य दिसत होतें आणि यंत्राला अर्थहीन इंग्रजी. मग यंत्र आपलें कर्तव्य बजावी. वाक्याचें पहिलें अक्षर तें मोठें करी. परंतु अशा टाइपांत इंग्रजीचें लहान अक्षर एक मराठी वर्ण आणि मोठें अक्षर निराळाच वर्ण! त्यामुळें वाक्याच्या आरंभींचा वर्ण लिहितां लिहितां पालटे. अवतरणचिन्ह वळविलें कीं त्या ठिकाणींहि दुसरेंच कांहींतरी उमटे. नवशिका टंकलेखक तेंच अक्षर पुन्हां पुन्हां खोडून लिही आणि यंत्र तें पुन्हां पुन्हां बिघडवी. त्याला वाटे कळ बिघडली. जाणकाराचा पहिला सल्ला एकच असे: मराठी लिहावयास बसण्यापूर्वीं आपोआप दुरुस्ती समूळ बंद करा. तो सल्ला तेव्हां अगदीं योग्य होता. त्या काळच्या फायली आजहि कित्येक कपाटांत व संगणकांत पडून आहेत. त्या उघडणाराला हा सल्ला आजहि पाळावा लागतो.

युनिकोड या सर्वमान्य सांकेतिक पद्धतीच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली, आणि २००० सालानंतर घरगुती संगणकांवर ती पद्धति रूढ होत गेली. आतां 'क' म्हणून सांठविलेलें अक्षर खरोखरच 'क' असतें. परंतु लिपि कळली म्हणजे भाषा कळली असें नव्हे. हिंदीहि देवनागरींतच लिहिली जाते. मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदलेली राहिली तर 'आहे' या निरुपद्रवी शब्दाखालींहि तांबडी रेघ येते, आणि मराठी माणूस रागावून सगळी तपासणीच बंद करतो. येथें दोष तपासणीचा नसतो. मजकूर निवडून त्याची भाषा मराठी आहे एवढें सांगावयाचें राहिलेलें असतें.

मराठीचे स्वतःचे असेहि कांहीं बारकावे आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' बोलाविलें तर व्याख्यान होईल आणि 'आचाऱ्यांना' बोलाविलें तर पंगत. हा आडवा अर्धा 'र' संगणकांत दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं सांठवितां येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन शब्द वाटतात. त्यामुळें एक बरोबर ठरतो आणि दुसऱ्याखालीं रेघ येते. डोळ्याला चूक न दिसतां रेघ आली तर हें कारण बहुधा असावें. ऱ्हस्वदीर्घाचेंहि तसेंच. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'सलिल' आणि 'सलील' हे सर्व खरे शब्द आहेत. सुताऐवजीं सूत लिहिलें तर कोणतीहि रेघ येणार नाहीं. यादींत दोन्ही आहेत, आणि मुलगा कोणता व दोरा कोणता हें यादीला ठाऊक नसतें.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट विभक्तीची. इंग्रजी नांवाचें रूप फारसें बदलत नाहीं. मराठींत 'कवठे' हें नांव कोशांत घातलें म्हणून भागत नाहीं. माणूस कवठ्याला जातो, कवठ्याहून येतो, कवठ्याचा असतो, कवठ्यांत राहतो. देवीचें म्हणाल तर येमाईला, येमाईनें, येमाईच्या, येमाईपुढें, येमाईसाठीं. त्यांवर पुन्हां 'च' आणि 'हि' चढतात. एका नांवाचीं पन्नास रूपें सहज होतील. स्वतःच्या कोशांत 'येमाई' हा एकच शब्द घालून निश्चिंत होणाऱ्याला पुढच्याच ओळींत 'येमाईच्या' या शब्दाखालीं रेघ दिसते, आणि यंत्र आपलें ऐकत नाहीं असा त्याचा ग्रह होतो. हंगेरियन भाषाहि अशीच प्रत्ययांनीं लगडलेली आहे. तिच्यासाठीं 'हन्स्पेल' नांवाचा तपासनीस तयार झाला. त्यांत मूळ शब्द एका यादींत आणि प्रत्यय लावण्याचे नियम दुसऱ्या यादींत असतात. तोच आज 'लिबरऑफिस' या मोफत मिळणाऱ्या साधनांत मराठीसहि उपयोगी पडतो. त्या साधनाच्या २०१८ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून अशी सोय आहे कीं, आपल्या कोशांत नवा शब्द घालतांना 'हा अमुक शब्दासारखा चालवावा' असें सांगतां येतें. शाळेंत 'माला' शब्द पाठ करून 'शाळा' चालवीत असत, त्यांतलाच हा प्रकार. अर्थात् ज्या शब्दाचा नमुना द्यावयाचा तो मूळ कोशांत प्रत्ययांच्या नियमांसह नोंदलेला असला पाहिजे. ही सोय हाताशीं नसेल तर निदान नेहमीं लागणारीं दहाबारा रूपें एकदां बसून कोशांत घालावीं. अर्ध्या तासाचें काम आहे.

लिहिण्याच्या पद्धतीनेंहि फरक पडतो. पुष्कळजण इंग्रजी अक्षरें दाबून मराठी उमटविणारी पद्धत वापरतात. सोपी खरी, परंतु ती मुळांतच अंदाजाची आहे. गांवाचें नांव इंग्रजींत लिहितांना 'ठ'साठीं 'टी' आणि 'एच' हींच अक्षरें येतात, आणि 'थ'साठींहि तींच. त्यामुळें 'कवठे' म्हणून लिहिलेलें 'कवथे' होऊन पुढें येऊं शकतें. 'ण' व 'न', 'ळ' व 'ल' यांचीहि तीच गत. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें ठरविलेल्या 'इन्स्क्रिप्ट' कळफलकावर 'ठ'ची कळ 'ठ'चीच असते. तेथें अंदाजाला जागाच नाहीं. शिकावयास थोडे दिवस लागतात. ज्यांना रोज मराठी लिहावयाचें आहे त्यांना ते दिवस वसूल होतात.

हें सर्व एका मात्रेसाठीं कशाला, असें कोणी म्हणेल. निमंत्रणपत्रांत चुकलें तर पाहुणे हंसतील आणि जेवून जातील. परंतु नांव नेहमीं निमंत्रणपत्रांतच असतें असें नाहीं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रूप, सातबाऱ्यावर दुसरें आणि आधारपत्रावर तिसरें, असें झालें म्हणजे तीं तिन्ही एकाच माणसाचीं आहेत हें सिद्ध करण्याचें ओझें त्या माणसावर येतें. मग प्रतिज्ञापत्र करा, प्रसंगीं राजपत्रांत जाहिरात द्या, पुन्हां अर्ज करा. दोनशें विद्यार्थ्यांच्या यादींत एखादें क्वचित् आढळणारें आडनांव परस्पर रूढ आडनांव होऊन बसलें तर तें त्या दिवशीं कोणालाहि दिसत नाहीं. दहा वर्षांनीं त्या मुलाला दिसतें.

जुना कागद उतरून घेतांना तर याहून अधिक जपावें लागतें. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनानें १९६२ सालीं मान्य केले. १९७२ सालीं त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांनीं व्युत्पत्तीनें सिद्ध होणारे, पण उच्चारांत न उरलेले अनुस्वार काढून टाकले, आणि 'कवि', 'शक्ति' यांसारख्या शब्दांचा शेवटचा इकार दीर्घ केला. आजचा कोश या नियमांप्रमाणें आहे आणि तसाच असावयास पाहिजे. परंतु एखाद्या घरांत आजोबांचें १९४० सालचें पत्र आहे, आणि नातू तें संगणकावर उतरवीत आहे. पत्रांत लिहिलें आहे: 'विहीर आपल्या शेतांत आहे.' जुन्या लेखनाप्रमाणें हें एका शेताविषयीं असूं शकतें आणि अनेकांविषयींहि; दोहोंसाठीं रूप एकच होतें. आजच्या नियमाप्रमाणें 'शेतात' म्हणजे एका शेतांत, आणि अनुस्वार असेल तर अनेक शेतांत. अनुस्वार काढावा तर यंत्रानें अर्थाचा निर्णय केला असें होतें. ठेवावा तर आजचा वाचक अनेकवचन समजेल. भाऊबंदांत जमिनीचा वाद असेल तर हा बिंदु क्षुल्लक राहत नाहीं. म्हणून उतारा मुळाबरहुकूम असावा आणि शंका असेल ती खालीं टीप देऊन सांगावी. हें व्हावें म्हणून तेवढा मजकूर निवडून 'रिव्ह्यू' या मथळ्याखालीं भाषेच्या सोयींत जावें, आणि शुद्धलेखन तपासूं नये अशी खूण करावी. राहिलेल्या फाइलींतली तपासणी चालूच राहते.

आतां प्रत्यक्ष बंदोबस्त. 'वर्ड'मध्यें 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'प्रूफिंग' असें गेलें म्हणजे 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' हें बटण सांपडतें. त्याच्या आंत एक चौकट उघडते. तिच्यांत इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांविषयींच्या चारपांच खुणा असतात. केवळ युनिकोड मराठी लिहिणाऱ्याला त्यांचा त्रासहि नाहीं आणि उपयोगहि नाहीं. त्यांच्याखालीं, लिहितां लिहितां शब्द बदलण्याची खूण आणि तिची यादी असते. आणखी खालीं, तपासनिसानें सुचविलेले शब्द आपोआप घ्यावे अशी एक निराळी खूण असते. ही शेवटची खूण मराठीसाठीं काढून टाकावी. यादी स्वतःची असते, ती वाचतां येते, तींतली नोंद खोडतां येते. तपासनिसाच्या सूचना मात्र कोणत्या येतील हें आधीं कळत नाहीं. क्रमांक, अवतरणचिन्हें, जोडरेघा हीं प्रकरणें शेजारच्या दुसऱ्या पानावर असतात. क्रमांकांचा उपद्रव होत असेल तर तो तेथें बंद होतो. पहिल्या पानावर कितीहि शोधलें तरी सांपडत नाहीं, आणि पुष्कळांचा धीर तेथेंच सुटतो.

सगळें बंद करण्याची गरज नसते. यंत्रानें एखादा शब्द बदललेला दिसला कीं लगेच 'कंट्रोल' आणि 'झेड' या कळा एकदां दाबाव्या. लिहिलेलें तसेंच राहतें आणि यंत्राची दुरुस्ती तेवढी मागें जाते. बदललेल्या शब्दाजवळ बाण नेला तर त्याच्याखालीं एक लहानशी निळी पट्टी दिसते. ती दाबली असतां 'हा शब्द यापुढें बदलूं नको' असें कायमचें सांगतां येतें. फोनवरहि कळफलकाच्या योजनेंत आपोआप दुरुस्ती आणि शब्दांच्या सूचना यांच्या खुणा बहुधा निराळ्या असतात. सूचना चालू आणि दुरुस्ती बंद, ही मराठीला मानवणारी स्थिति.

आणि ज्या यादीनें एवढा उपद्रव होतो तीच यादी कामाला लावतां येते. मूळची कल्पना संक्षिप्त रूपावरून पूर्ण मजकूर आणण्याचीच होती. 'कये' असें लिहिलें कीं 'कवठे येमाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे' असा सबंध पत्ता उमटावा, अशी नोंद करून ठेवली कीं दिवसांतून वीसदां तो लिहिणारा सुखी होतो, आणि प्रत्येक वेळीं मात्रा जागच्या जागीं पडते. संक्षिप्त रूप निवडतांना तें भाषेंत खरोखर शब्द नाहीं ना, एवढें पाहावें. 'सा' म्हणजे सातारा असें ठरविणाऱ्याला संगीताविषयीं एक ओळहि लिहितां येणार नाहीं. ही यादी ज्या भाषेच्या नांवानें उघडली असेल तिच्यापुरतीच चालते. म्हणून नोंद करण्यापूर्वीं चौकटीच्या मथळ्यावर भाषा कोणती आहे तें वाचावें. शिवाय 'वर्ड'मधली ही नोंद 'एक्सेल'सारख्या त्याच घराण्यांतल्या साधनांतहि लागू होते. हें कोष्टकांत नांवें भरणाराला फायद्याचें आहे आणि कधीं कधीं अडचणीचेंहि. संगणक बदलला तर यादी नव्यावर आपण होऊन येईलच असा भरंवसा धरूं नये. ती एका कागदावर किंवा निराळ्या फाइलींत उतरून ठेवलेली बरी.

कोणतें रूप खरें मानावयाचें, येमाई कीं यमाई, हें ठरविणें यंत्राकडे नाहीं. तें गांवानें, कचेरीनें किंवा घरानें एकदां ठरवावें आणि काम संपल्यावर सबंध फाइलींत न ठरविलेलें रूप शोधून पाहावें. मात्र तें शोधतांना 'सगळीकडे बदला' हें बटण दाबूं नये. एकेक ठिकाण पाहत जावें. औंधच्या देवीचा उल्लेख त्याच मजकुरांत असेल, आणि तिची मात्रा नसलेलीच बरोबर आहे. त्यानंतर छापलेला कागद हातीं घेऊन दोघांनीं बसावें: एकानें मूळ प्रत मोठ्यानें वाचावी, नांवें आलीं कीं तीं अक्षर अक्षर फोडून सांगावीं, आणि दुसऱ्यानें पेन्सिल घेऊन नव्या प्रतीवर नजर ठेवावी.